पाठकोरे

स्टेशन रोडच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
फसलेल्या प्रती मी फेकत नाही.
तिरके गेलेले दाखले, अर्धवट आलेले सातबारे,
टोनर संपता संपता फिकट होत गेलेलं
कुणाचं तरी वारसपत्र.
त्यांच्या पाठकोऱ्या अंगावर
दोन वर्षांपासून मी एका देशाचा इतिहास लिहितोय.

झरंद. नाव सुचायलाच अकरा दिवस गेले.
दोन चंद्र दिले त्याला, तीन महापूर,
तांब्याचा शोध, सात राजघराणी.
पाचव्या घराण्यापाशी लक्षात आलं,
राजांच्याही झेरॉक्स निघू लागल्यात.
तोच मुकुट, तोच विषाचा प्याला,
फक्त शाई थोडी पुसट.

शनिवारी शटर अर्धं ओढलं की
सतरंजीवर पाच जण. मधे चार्ट पेपरचा नकाशा.
वीस बाजूंचा फासा पुण्याहून कुरियरनं आलेला,
त्याचा कोपरा उंदरानं कुरतडलाय,
म्हणून तेरा जरा जास्तच पडतो.
औषधं पोचवणारा मुजम्मिल आमच्यात सरदार,
कृषी विद्यापीठात बियाणं मोजणारी अनुसया कुलपं फोडते,
सिद्धोधन वैदू, व्यंकट धनुर्धर,
आणि व्यंकटचा मेव्हणा, जो भज्यांसाठी येतो.

पहिल्या रात्री मी हजार वर्षं वाचून दाखवली.
आठशेव्या वर्षी मेव्हणा घोरू लागला.
अनुसया नकाशावर वाकून म्हणाली,
"एवढा मोठा किल्ला. पाणी कुठून येतं?"

मी कागद चाळले. पुन्हा चाळले.
परभणीचा माणूस मी, नळाला आठव्या दिवशी पाणी येणारा,
आणि माझ्या तीन हजार वर्षांत
कुणाला तहानच लागली नव्हती.

सिद्धोधन तोवर बाविसाव्या राजापाशी थांबलेला.
"ह्यानं हाकललेले लोक कुठं गेले? नावं काय त्यांची?"
"नोंद नाही," मी म्हणालो, जुन्या ग्रंथपालाच्या आवाजात.
"नोंद नाही कामून? तू लिहिली नाहीस म्हण."

त्या रात्री शटर पूर्ण लावून
मी कागद उलटे केले.
सातबाऱ्यावर नाव खोडत नाहीत, कंस करतात.
कंसातला माणूस दिसत राहतो,
फक्त जमीन त्याची नसते.

मग मी झरंदला कंस शिकवले.
एका लढाईच्या तीन हकिगती लिहिल्या:
एक शिलालेखातली, एक मीठ विकणाऱ्यांची,
एक त्या कुंभारणीची, जिला लढाई झाल्याचं
मडकी उधारीवर गेल्यावर कळलं.
तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत.
जुळवायचं सोडून दिलं.
आणि किल्ल्याखाली एक आड खणला,
खणणाऱ्यांची नावं लिहून. सगळी.
दोन पानं गेली.

मंगळवारी घाई होती. जिंतूरचा एक माणूस,
बसला दहा मिनिटं, हातात सुट्टे पैसे.
मी चुकून ढिगातली प्रत दिली त्याला.
त्यानं पुढची बाजू पाहिली, तहसीलनंही पुढचीच पाहिली.
शिक्का बसला, फाईल लागली.
झरंदचं अकरावं शतक
आता सरकारदप्तरी जमा आहे.

परत मागायला गेलो होतो. खिडकीपर्यंत.
काय म्हणून मागणार?

शनिवारी मी सांगून टाकलं:
"मधली शंभर वर्षं गहाळ आहेत.
तिथं काय झालं, मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा."
पहिल्यांदाच मेव्हणा उठून बसला.
मुजम्मिलनं फासा मुठीत खुळखुळवला,
"बनी तो बनी..." म्हणाला,
आणि तो टप्पा खाऊन मशीनखाली गेला.

आता आम्ही सहा जण पोटावर पालथे,
मोबाइलच्या उजेडात,
टोनरच्या काळ्या धुळीत गाल टेकवून
वाचायचा प्रयत्न करतोय,
किती पडलेत.